मु. पो. शून्य एक्स

"मावशी, तू बँकेत होतीस ना? चुकीच्या खात्यात गेलेले पैसे परत आणायला काय करतात गं?"

रविवारची दुपार. भाचा पुण्याहून न कळवता आलेला आणि ताटातली भाकरी तशीच. हा प्रश्न मी नोकरीत असताना महिन्यातून एकदा तरी काउंटरवर ऐकला असेल, त्यामुळे उत्तर तोंडपाठ होतं. अर्ज द्यायचा, त्यात यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर लिहायचा. आपली शाखा समोरच्या बँकेला कळवते, ती बँक तिच्या खातेदाराला फोन करते, आणि माणूस बरा निघाला तर आठ-दहा दिवसांत पैसे येतात.

"कुठल्या बँकेत गेले?" मी विचारलं.

"बँकेत नाही गेले."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. शून्य, एक्स, आणि पुढे मुंग्यांची रांग लागावी तशी चाळीस अक्षरं आणि आकडे. "या पत्त्यावर गेले," तो म्हणाला.

आमच्या घरात पत्त्यांचं राज्य होतं. अण्णा मिरजेच्या आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या डाकसेवेत, सॉर्टर. रात्रीच्या गाडीला जोडलेल्या डाकेच्या डब्यात उभं राहून, गाडी हलत असताना, समोरच्या खणांत पत्रं टाकायची हे त्यांचं काम. 'मु. पो.' म्हणजे मुक्काम पोस्ट, मग 'ता.', मग 'जि.', हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. पण लोक कुठे एवढं नीट लिहितात? 'मु. पो. वडगाव, मारुतीच्या देवळामागं' एवढंच लिहिलेलं कार्ड यायचं. आता महाराष्ट्रात वडगावं किती आणि मारुतीची देवळं किती! अण्णा कार्ड उलटं करून कुठल्या गावचा शिक्का आहे ते बघायचे, मजकुरात 'उसाची तोड' आहे की 'कापसाची वेचणी' ते नजरेच्या एका फटक्यात टिपायचे आणि कार्ड बरोबर खणात जायचं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे त्यांना मान्य होतं. "वाचत नाही गं, बघतो," असं म्हणायचे.

याच घोटाळ्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. त्यामागचा माणूस मराठी, श्रीराम भिकाजी वेलणकर, दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत त्यांनी देश बसवला. पहिला आकडा विभागाचा, तिसऱ्यापर्यंत छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. आमचं सांगलीचं ४१६४१६ तर पाढ्यासारखं म्हणता येतं. पण पिन कोड चुकला तरी पत्र हरवत नसे. कोड एकीकडचा आणि गाव दुसरीकडचं असेल तर अण्णा गावाचं ऐकत. कुणाचंच ऐकता आलं नाही तर पत्र आर.एल.ओ.ला, म्हणजे परतीच्या पत्रांच्या कचेरीला जाई. तिथे ते उघडून पाठवणाऱ्याचं नाव शोधत आणि पत्र त्याच्याकडे परत.

भाच्याच्या पत्त्याला गाव नव्हतं, तालुका नव्हता आणि आर.एल.ओ. तर नव्हतंच.

झालं होतं असं. फ्लॅटच्या डिपॉझिटसाठी त्याला पैसे हवे होते, म्हणून फोनमधल्या वॉलेटमधले तीनशे साठ डॉलरचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो चलन) तो एक्स्चेंजवरच्या स्वतःच्या खात्यात पाठवत होता. तिथे विकायचे आणि रुपये बँकेत घ्यायचे. पोरगा बेफिकीर नाही. आधी त्याने दहाच डॉलर पाठवून बघितले. ते पोचले. निर्धास्त होऊन त्याने चहा केला, परत आला, वॉलेटमधली मागच्या व्यवहारांची यादी उघडली, सगळ्यात वरच्या ओळीतला पत्ता कॉपी केला आणि उरलेले पाठवले. सुरुवातीचे चार आकडे बघितले, शेवटचे चार बघितले. जुळत होते.

पण ती वरची ओळ त्याची नव्हतीच. तो चहा करत होता तेवढ्यात कुणीतरी त्याच्या वॉलेटमध्ये कवडीमोलाची रक्कम टाकली होती, आणि ती टाकणाऱ्याच्या पत्त्याचे पहिले चार आणि शेवटचे चार आकडे एक्स्चेंजच्या पत्त्याशी तंतोतंत जुळत होते. मधले बत्तीस वेगळे. फोनचा पडदा लहान, म्हणून वॉलेट मधला भाग तीन टिंबांनी झाकतं. नेमकं चोराला हवं तेच.

या प्रकाराला 'ॲड्रेस पॉयझनिंग' म्हणतात. म्हणजे पत्त्यांच्या यादीत विष कालवणं. मे २०२४ मध्ये एकाचे असेच ११५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियम नावाच्या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कवर चालणारं बिटकॉइनचं रूप) गेले. त्या वेळच्या भावाने जवळजवळ ६ कोटी ८० लाख डॉलर. त्यानेही आधी थोडीशी रक्कम पाठवून खात्री केली होती. त्याच्या बाबतीत आश्चर्य असं की, एवढा गाजावाजा झाल्यावर चोराने काही दिवसांत बहुतेक सगळं परत केलं. साडेतीनशे डॉलरसाठी कोण गाजावाजा करणार?

"पण असा मिळताजुळता पत्ता त्याला मिळाला कसा?" हे माझ्या डोक्यात शिरेना. कारण बँकेत खाते नंबर बँक देते. मला आवडतो म्हणून शेजारणीसारखाच नंबर द्या, असं कुणी म्हणू शकत नाही.

इथेच सगळी मेख आहे. हे पत्ते कुणी देतच नाही. ते तयार होतात.

ते कसे, हे समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. सुरुवात 'वॉलेट' या शब्दापासून केली, कारण तो शब्द फसवा आहे. पाकिटात पैसे असतात, यात नसतात. पैसे म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर असलेल्या एकाच वहीतल्या नोंदी, आणि वॉलेट म्हणजे त्या नोंदीवर सही करायची किल्ली ठेवायची जागा. खरं तर याला 'जुडगा' म्हणायला हवं होतं. किल्ली म्हणजे एक प्रचंड आकडा. एक नाणं २५६ वेळा उडवा, छापा आला तर एक, काटा आला तर शून्य असं लिहीत जा, झाली किल्ली. अशा किल्ल्या साधारण एकावर ७७ शून्यं इतक्या होऊ शकतात. आपली किल्ली दुसऱ्याला योगायोगाने सापडेल ही भीती म्हणूनच व्यर्थ आहे.

किल्लीवरून गणिताने एक उघड आकडा निघतो, आणि तो उघड आकडा दळून पत्ता निघतो. 'दळून' हा माझा शब्द, भाच्याला फार आवडला. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही, आणि पीठ पाहून शेत कुणाचं ते सांगता येत नाही. बिटकॉइनमध्ये हे दळण दोन गिरण्यांतून जातं, त्यांची नावं एसएचए-२५६ आणि राइपएमडी-१६०. इथेरियममध्ये गिरणी वेगळी आणि पिठाचा शेवटचा भागच तेवढा ठेवतात, पण रीत तीच.

म्हणून पत्ता कुणालाही द्यावा, किल्ली कुणालाही देऊ नये. देवळातल्या दानपेटीत पैसे कुणीही टाकू शकतो, उघडू शकतो तो किल्लीवाला विश्वस्त. आणि हल्ली बऱ्याच देवळांत दानपेटी पारदर्शक असते ना, तशीच ही. आत किती आहे ते अख्ख्या गावाला दिसतं.

आता चोराचा मार्ग लक्षात आला. तो नाणी उडवतच राहतो. नवी किल्ली, नवा पत्ता, जुळला का? नाही. पुन्हा. पुढचे चार आणि मागचे चार असे आठ आकडे जुळवायचे तर सरासरी ४२९ कोटी वेळा प्रयत्न करावा लागतो. मला हा आकडा ऐकून हायसं वाटलं. भाच्याने माझ्याकडे दयेने बघितलं. खेळासाठी घेतलेल्या संगणकाला एवढं काम काही मिनिटांचं आहे. वही उघडीच आहे, चोरांचे प्रोग्राम ती रात्रंदिवस वाचतात आणि कुणी कुणाला पैसे पाठवलेले दिसले की लगेच जुळा पत्ता तयार करतात.

हा ४२९ कोटी आकडा मला पुढेही भेटत राहिला, आणि तो सद्गृहस्थ आहे की भामटा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्यांदा तो सद्गृहस्थ म्हणून भेटला. बँकेत आय.एफ.एस.सी. कोड लिहून घेताना माझा निम्मा जन्म एका वाक्यात गेला, "पाचवं अक्षर शून्य आहे, ओ नाही." अकरा अक्षरांचा कोड, त्यात पाचवं नेहमी शून्य, आणि लोक नेहमी ओ काढणार. बिटकॉइनचा कर्ता, जो कोण सातोशी नाकामोतो असेल तो, त्याने ही कटकट मुळातच खुडून टाकली. त्याच्या पत्त्यांत शून्य नाही, मोठा ओ नाही, मोठा आय नाही आणि लहान एल नाही. उरलेल्या ५८ चिन्हांतच पत्ता लिहायचा. हे वाचल्यावर मला त्या अनोळखी माणसाविषयी एकदम आपुलकी वाटली. हा नक्की कुठल्या तरी काउंटरवर बसला असणार.

त्यापुढे आणखी एक सोय. पत्त्याच्या शेवटी ताळा जोडलेला असतो. शाळेत गुणाकाराचा ताळा करायचो तसाच. आपल्या आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडाही असाच ताळ्याचा आहे. बिटकॉइनच्या पत्त्यात एखादं अक्षर चुकलं तर वॉलेट पत्ता घेतच नाही. चुकूनही खपून जाईल असं ४२९ कोटींत एकदा. नंतर आलेले 'बीसी१' ने सुरू होणारे पत्ते तर सगळे लहान लिपीत असतात आणि त्यांतला ताळा चार चुका हमखास पकडतो. इथेरियमने मात्र सुरुवातीला ताळा ठेवलाच नव्हता. २०१६ मध्ये इथेरियमचा कर्ता विटालिक ब्युटेरिन याने एक युक्ती सुचवली. अक्षरं तीच ठेवायची, पण कुठलं मोठं आणि कुठलं लहान लिहायचं यातच ताळा दडवायचा. पाहणाऱ्याला ती अक्षरं मुलाने वेडीवाकडी गिरवल्यासारखी दिसतात, पण प्रत्येक मोठ्या अक्षराला कारण आहे.

आता अडचण बघा. ताळा अक्षर चुकलं का ते सांगतो, माणूस चुकला का ते सांगत नाही. चोराचा पत्ता निर्दोष असतो. शुद्धलेखनात पैकीच्या पैकी.

आमच्या बँकिंगमध्येही हे भोक होतं, उगाच फुशारकी नको. एनईएफटीचा फॉर्म भरताना लोक नाव सुवाच्य लिहीत, पण पैसे जात ते खाते नंबरावर. एका शिक्षकांचे पैसे एका आकड्याच्या फरकाने असेच भलत्याच्या खात्यात गेले होते. मी त्या शाखेत फोन केला, तिथल्या बाईंनी खातेदाराला बोलावलं, तो बिचारा स्वतःच घाबरलेला, कुणाचे आले म्हणून चार दिवस झोपला नव्हता. रिझर्व्ह बँकेने अखेर ३० डिसेंबर २०२४ ला परिपत्रक काढलं की, १ एप्रिल २०२५ पर्यंत पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दाखवायची सोय करा. यूपीआयला ती आधीपासून आहेच. भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन केला की त्याच्या बायकोचं नाव येतं आणि आपण "हेच ना?" विचारतो. क्रिप्टोच्या पत्त्यामागे नाव नसतंच, त्यामुळे विचारायलाही कुणी नाही.

तिसऱ्यांदा तो आकडा भेटला तो भामटा म्हणूनच. आपल्याकडे गाडीला २१४ घेऊन त्याचा 'राम' करणारे आणि ४१४१ चा 'दादा' करणारे आहेत, आर.टी.ओ.त जास्तीचे पैसे भरून. तशी हौस क्रिप्टोवाल्यांनाही असते. पत्त्याच्या सुरुवातीला सात-आठ शून्यं हवीत, नाहीतर स्वतःचं नाव हवं. त्यासाठी 'प्रोफॅनिटी' नावाचं एक साधन लोक वापरत. ते नाणं २५६ वेळा उडवल्याचा आव आणायचं, पण खरं ३२ वेळाच उडवायचं. म्हणजे मुळातल्या शक्यता किती? ४२९ कोटी. कुणीतरी उलट्या बाजूने मोजत गेलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये विंटरम्यूट या कंपनीचे सुमारे १६ कोटी डॉलर गेले. तिच्या पत्त्यालाही देखणी शून्यं होती.

भाच्याचा पत्ता हौशी नव्हता, पण त्याच्या किल्लीची तऱ्हा ऐकून मी कपाळावर हात मारला. एवढा मोठा आकडा माणसाला लिहून ठेवता येत नाही, म्हणून वॉलेट त्याऐवजी बारा इंग्रजी शब्द देतं, कधी चोवीस. २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, 'अबॅन्डन'पासून 'झू'पर्यंत, आणि कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. हे बारा शब्द योग्य क्रमाने ज्याच्याकडे, त्याचे पैसे. फोन हरवला, फुटला, पाण्यात पडला तरी शब्द असले की सगळं परत मिळतं.

"मग ते शब्द कुठे आहेत तुझे?"

"स्क्रीनशॉट काढून ठेवलाय ना."

गॅलरीत! हळदीकुंकवाच्या आणि ट्रेकच्या फोटोंच्या मध्ये, आणि तिथून आपोआप कुठल्याशा क्लाउडवर. बँकेत लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक खातेदाराची आणि एक आमची. दोघं हजर असल्याशिवाय तो उघडत नाही. इथे एकच किल्ली, आणि या पठ्ठ्याने तिचा फोटो काढून भिंतीला लावल्यासारखं केलं होतं. फोटो पुसून भागणार नव्हतं. एकदा बाहेर गेलेले शब्द उष्टे झाले, आता नवे शब्द, नवी किल्ली, नवा पत्ता, आणि उरलेले पैसे तिकडे हलवायचे, हे आमचं दोघांचं ठरलं. त्याच्या जुन्या वॉलेटमध्ये अजून हजार-अकराशे डॉलरचा ऐवज होता.

"त्यापेक्षा सगळं एक्स्चेंजवरच ठेवलं तर?" हा त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. तिथे किल्ली सांभाळायचं काम दुसऱ्याचं. पण जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून साडेतेवीस कोटी डॉलरच्या आसपास ऐवज चोरीला गेला आणि ज्यांचे पत्ते-शब्द काहीच चुकले नव्हते, ते ग्राहक बंद दाराशी उभे राहिले. आणि पुण्यातलं गेनबिटकॉइन हे क्रिप्टो फसवणुकीचं प्रकरण आठवा. तपासात मदत करायला पोलिसांनी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. आरोप असा की, तपासातल्या वॉलेटमधला ऐवज त्यांनीच वळवला. किल्ली हातात आली की माणसाचं काय होतं, हे ट्रस्टच्या निवडणुका पाहिलेल्या कुठल्याही सांगलीकराला वेगळं सांगायला नको.

उलट बाजूही आहे. स्वतः सांभाळायची म्हटली तर वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सचं उदाहरण आहे. २०१३ मध्ये त्याची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं नगरपालिकेशी भांडला, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने त्याचा दावा फेटाळला. आणि त्याचे बिटकॉइन कुठेही गेलेले नाहीत, वहीत तसेच आहेत.

मी भाच्याला शाईच्या पेनाने कागदावर शब्द लिहायला लावायचं ठरवलं. दोन कागद, दोन घरं. एक माझ्या कपाटात, अण्णांच्या सर्व्हिस बुकाच्या पाकिटात. बँकेत मी प्रत्येक खातेदाराच्या मागे लागून नॉमिनीचं नाव भरून घेत असे. इथे नॉमिनीचा रकाना नाही, म्हणून निदान हे कागद आहेत एवढं कुणा एकाला माहीत असावं. शब्द मी वाचणार नाही असं त्याला सांगितलं. "वाचत नाही रे, बघते," हे तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

दरम्यान तक्रारीचं. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर अर्ज भरला, व्यवहाराचा नंबर आणि दोन्ही पत्ते दिले. ठाण्यातल्या हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पत्ता आहे ना? मग आरोपी कुठं राहतो?" मला हसू आलं, पण त्यांचा प्रश्न मराठीत अगदी बरोबर होता. पत्ता आहे, पण थांगपत्ता नाही. यूएसडीटी काढणारी कंपनी पोलिसांच्या सांगण्यावरून एखादा पत्ता गोठवू शकते, बिटकॉइनमध्ये तेवढंही कुणाच्या हातात नाही. आम्ही मात्र रोज सकाळी चहाबरोबर तो पत्ता उघडून बघत होतो. साडेतीनशे तिथेच पडलेले. काचेच्या दानपेटीतली आपलीच नोट ओळखू यावी तसे. तिसऱ्या दिवशी ते तिथून दुसरीकडे गेले, तिथून तुकडे होऊन आणखी सात ठिकाणी. मग मी बघायचं सोडलं.

त्याच आठवड्यात भाच्याला दोन मेसेज आले, 'तुमचे गेलेले क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी थोडी फी'. त्याने कुठेतरी ऑनलाइन आपली कथा लिहिली होती. जखमेवर बसणाऱ्या माशा. एक लक्षात ठेवलं की पुरे. वहीतली नोंद उलटी फिरवायची ताकद कुणाकडेही नाही, फी घेऊनही नाही.

याच निमित्ताने त्याने स्वतःचा पत्ता समाजमाध्यमावर नावानिशी टाकलेला होता हेही कळलं. कुणी बक्षीस वाटत होतं म्हणे. पत्ता दिल्याने पैसे जात नाहीत हे खरं, पण त्या दिवसापासून त्याची पासबुकं चौकात टांगली गेली. बिटकॉइनमध्ये दर वेळी नवा पत्ता वापरावा असं सातोशीनेच सांगून ठेवलंय, आणि चांगली वॉलेट ते आपोआप करतात. सरकारपासून लपवायला म्हणून हे सांगत नाही. तीस टक्के कर आणि एक टक्का टीडीएस २०२२ पासून आहेच, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून म्हणून सांगते.

मग नवी किल्ली ठेवायला एक छोटं यंत्र मागवलं, हार्डवेअर वॉलेट म्हणतात ते. पेनड्राइव्हसारखं, त्याला इवलासा पडदा. बनवणाऱ्या कंपनीकडूनच मागव, जुनं नको, आणि डब्यात कुणी बारा शब्द आधीच छापून दिले असतील तर ते यंत्र सरळ फेकून दे, हे मी एव्हाना वाचून शिकले होते. शब्द आपल्यासमोर यंत्राने तयार करायला हवेत. किल्ली त्या यंत्राच्या बाहेर कधी येत नाही, सही आतच होते. संगणकात एखादा किडा शिरलेला असेल, कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना गुपचूप बदलणारा, तर संगणकाचा पडदा खोटं बोलू शकतो. असे किडे आहेत. म्हणून यंत्राच्या पडद्यावर दिसतो तो पत्ता खरा धरायचा.

एक गंमत राहिली, जाळ्याची, म्हणजे नेटवर्कची. टी अक्षराने सुरू होणारा पत्ता ट्रॉनचा, शून्य एक्सवाला इथेरियमचा आणि त्याच्या भावंडांचा. भावंडांत पत्ता हुबेहूब तोच चालतो, पण वह्या वेगळ्या. एकाच घर नंबराची घरं सांगलीतही आणि मिरजेतही असावीत तसं. पाठवताना कुठल्या गावची गाडी पकडतोय ते बघावं लागतं. आणि काही ठिकाणी, एक्सआरपीसारख्या नाण्यांत, एक्स्चेंजचा पत्ता सगळ्या ग्राहकांना एकच असतो. सोबत एक टॅग द्यावा लागतो, तो विसरला तर पैसे इमारतीत पोचतात, खोलीत नाही. अण्णांच्या भाषेत हे 'मार्फत' झालं. वसतिगृहातल्या मुलांची पत्रं रेक्टर मार्फत यायची आणि खोली नंबर नसला की ती ऑफिसच्या जाळीत महिनाभर अडकून राहायची.

शनिवारी संध्याकाळी बसलो. नव्या पत्त्यावर आधी पाच डॉलर पाठवले, पोचले. आता कुणीही मागची यादी उघडायची नव्हती. बँकेत आम्ही संध्याकाळी व्हाउचर तपासायचो तीच पद्धत काढली. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टिक मारायची. मी यंत्र हातात धरलं, भाच्याने संगणकाच्या पडद्यावरचा पत्ता वहीत चार-चार अक्षरांत तोडून लिहून घेतला आणि पेन्सिल सरसावली. मी चष्मा लावला.

"शून्य, एक्स. सात, एफ मोठा, दोन, तीन."

"टिक."

"बी लहान, नऊ, नऊ, ई मोठी."

"टिक."

शेजारच्या काकू खिडकीतून डोकावल्या, कसलं पाठांतर चाललंय म्हणून. मी हातानेच थांबा म्हटलं. एकतिसाव्या अक्षराशी आलो आणि त्याने पेन्सिल उचलली. त्याच्या वहीत डी लहान होता. मी म्हणत होते मोठा. यंत्र खिडकीपाशी उजेडात नेलं, पुन्हा बघितलं. मोठाच होता. तो म्हणाला, मी लिहितानाच चुकलो असेन. मी म्हटलं, असशील, पण असशील म्हणून टिक मारत नाहीत.

त्याने वहीचं पान फाडलं, नवं घेतलं, पत्ता पुन्हा उतरवला.

"हं, वाच. पहिल्यापासून."

"शून्य, एक्स," मी सुरू केलं.